तुपाने गोळा सुटला नाही: नेरूळच्या एका बोक्याचं प्रकरण

पर्शियन आणि गावठी यांच्या संकरातला बोका. वय ५ वर्षं, नसबंदी झालेली, वजन ४.८ किलो, केस लांब, पोटाशी आणि मांड्यांशी दाट लव. घर नवी मुंबईत, नेरूळला, सिडकोच्या जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर. बाल्कनीला जाळी, बोका कधी घराबाहेर जात नाही. घरात आजी, मुलगा, सून आणि १० वर्षांची नात. बोक्याचं खाणं म्हणजे दिवसाला ६० ग्रॅम कोरडे दाणे आणि कधीमधी उकडलेल्या बांगड्याचा काटे काढलेला तुकडा.

एरवी महिन्या-दीड महिन्यातून तो एखादा केसांचा गोळा ओकायचा. लांब केसांच्या मांजराला एवढं चालतं. श्रावण लागता लागता मात्र आठवड्याला दोन-तीन गोळे पडू लागले. गणपतीच्या आदल्या आठवड्यात त्याचं जेवण निम्म्यावर आलं, दोन दिवस शी झाली नाही, आणि एका रात्री पाच-सहा वेळा ओकाऱ्या काढूनही बाहेर आला तो नुसता पिवळट फेस. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला दवाखान्यात नेलं.

त्याआधीच्या तीन आठवड्यांत घरी चार उपाय करून झाले होते. हे चारही उपाय मांजर असलेल्या बहुतेक घरांत होतात, म्हणून ते नीट पाहण्यासारखे आहेत.

घरी काय केलं आणि काय झालं

पहिलं तूप. आजी रोज सकाळी पुढच्या पंजावर पाव चमचा साजूक तूप लावायच्या, बोका ते चाटून घ्यायचा.

"आई, रोज नका देऊ. जुलाब लागतील त्याला."

"अगं, तुपाने आतडं ओलं राहतं. गोळा आपसूक सरकतो."

तर्क चुकीचा वाटत नाही, पण पोटात तसं घडत नाही. तूप, लोणी, खोबरेल, माशाचं तेल हे सगळे पचणारे स्निग्ध पदार्थ. लहान आतड्यात त्यांचं पचन होऊन ते रक्तात जातात. वंगण म्हणून पुढे जायला त्यातलं फारसं उरतच नाही. उलट स्निग्ध अन्न जठरातून पुढे सरकायला जास्त वेळ घेतं, म्हणजे केसांचा मुक्काम लांबतो. दोन आठवड्यांत बोक्याची शी पातळ झाली आणि गोळे होते तेवढेच राहिले. नंतरच्या आठवड्यात जेवणावर खोबरेल घातलं गेलं, त्याचंही तेच. ज्या मांजराला स्वादुपिंडाचा त्रास आहे, त्याला तर असं रोजचं तूप-तेल न दिलेलंच बरं.

तिसरा उपाय इसबगोलाचा. हा मुळात चांगला उपाय आहे, पण इथे बिघडला तो देण्याच्या पद्धतीत. अर्धा चमचा कोरडं इसबगोल कोरड्या दाण्यांवर भुरभुरवलं. इसबगोल स्वतःच्या कितीतरी पट पाणी ओढून फुगतं. मांजर पाणी कमी पीत असेल तर ते पाणी आतड्यातूनच ओढलं जातं. शी मऊ होण्याऐवजी जाड आणि घट्ट झाली आणि पुढे दोन दिवस झालीच नाही.

चौथ्या वेळी कोणीतरी लिक्विड पॅराफिन, म्हणजे न पचणारं खनिज तेल, ड्रॉपरने तोंडात सोडायला सांगितलं. बोक्याने झटका देऊन ते सांडलं, पंजे मारले, आणि नाद सोडला गेला. बरंच झालं. या तेलाला चव नाही, वास नाही. ते घशात गेल्यावर मांजराला ठसका लागेलच असं नाही, आणि ते नकळत श्वासनळीत उतरू शकतं. फुप्फुसात साठलेलं तेल शरीर बाहेर टाकू शकत नाही आणि त्याचा न्यूमोनिया होतो. पातळ तेल कुठलंही असो, मांजराच्या तोंडात ओतायचं नाही. शेजारच्यांनी सुचवलेलं एरंडेल सुनेने घरात येऊच दिलं नाही, तेही योग्यच केलं.

गोळा होतो कसा

मांजराच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात, आपल्या नखांसारख्याच केराटिनचे. अंग चाटताना सुटे केस त्यांत अडकतात. काटे मागे वळलेले असल्यामुळे केस पुढे थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. केसही केराटिनचाच. जठरातलं आम्ल त्याला पचवू शकत नाही. बहुतेक केस अन्नाबरोबर पुढे जाऊन शीतून पडतात, काही मागे राहतात आणि एकमेकांत गुंततात. कुत्र्याच्या रिकाम्या पोटात अधूनमधून एक जोरकस लाट येते आणि न पचलेला कचरा पुढे लोटते. मांजराच्या आतड्याची हालचाल वेगळ्या धाटणीची असते, आणि केस मागे राहण्याचं ते एक कारण मानलं जातं. ओकताना हा पुंजका अन्ननलिकेतून पिळून येतो, म्हणून नावाला गोळा असला तरी दिसायला तो बोटासारखा लांबट असतो.

म्हणजे पाहायच्या गोष्टी दोन: पोटात केस किती जातात, आणि पोट ते पुढे ढकलतं का. आधी महिन्याला एक गोळा टाकणारं मांजर अचानक आठवड्याला तीन टाकू लागलं, तर दोन्हींपैकी काहीतरी बदललेलं असतं. तुपाने यातलं काहीच सुधारत नाही.

तपासणीत काय सापडलं

सुनेने दोन गोष्टी शहाणपणाने केल्या होत्या. आदल्या रात्रीच्या ओकाऱ्यांचा मोबाइलवर व्हिडिओ काढला होता, आणि त्याआधीचा गोळा कागदात गुंडाळून आणला होता.

व्हिडिओ यासाठी महत्त्वाचा की दम्याचं मांजर खोकतं तेही घरच्यांना गोळा काढण्यासारखंच दिसतं. खोकताना मांजर जमिनीसरसं दबकून बसतं, मान पुढे ताणतं, घरघरतं, शेवटी काहीतरी गिळल्यासारखं करून उठून जातं. बाहेर काही येत नाही. ओकताना आधी ओठ चाटणं, लाळ, अस्वस्थ फेऱ्या होतात आणि मग पोट भात्यासारखं आतबाहेर होतं. या बोक्याचं पोट स्पष्ट हलत होतं, म्हणजे ओकारीच. (महिनोन्‌महिने 'गोळा अडकलाय' म्हणून गोळ्यावरची पेस्ट चाटवली जाते आणि मांजराला असतो दमा, असं होतं. गणपतीत धूप-उदबत्ती वाढली की अशा मांजराचा खोकलाही वाढतो.)

कागदातला गोळा ५ सेंटिमीटर लांब होता. तो पाण्यात भिजवून काडीने उलगडला. सजावटीच्या जरीचा धागा, शिवणाचा दोरा, प्लास्टिक, असं काही निघालं नाही. घरात मखराचं काम चालू असताना हे पाहणं भागच होतं. गिळलेला दोरा एका टोकाला अडकला की आतडं त्यावर चुण्या पडून गोळा होतं आणि फाटूही शकतं. दोरा तोंडातून किंवा गुदद्वारातून लोंबताना दिसला तर तो ओढायचा नाही, तसंच दवाखाना गाठायचा. इथे निघाले ते फक्त केस, पण बरेचसे आखूड आणि तुटके. आपसूक गळलेला केस सहसा अख्खा असतो. हे केस चाटून चाटून तोडलेले होते.

मग बोक्याला पाठीवर वळवून पोटाचे केस बाजूला केले. पोटाच्या मध्यावर आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला लव खुंटासारखी राहिली होती. बाजूचे लांब केस वरून पडत असल्यामुळे घरात कोणाच्या लक्षात आलं नव्हतं. शेपटीच्या बुडाशी बारीक फणी फिरवली तेव्हा काळी रवाळ घाण निघाली. ती ओल्या पांढऱ्या टिश्यूवर टाकून चोळली, तर भोवती विटकरी डाग पसरला. ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. साधी माती असती तर डाग मातकटच राहिला असता. जिवंत पिसू एकही दिसली नाही, आणि त्यात आश्चर्य नाही. खूप चाटणारं मांजर पिसवाही गिळून टाकतं.

घराबाहेर न जाणाऱ्या बोक्याला पिसवा आल्या कुठून? नात रोज संध्याकाळी पार्किंगमधल्या पिल्लांशी खेळून वर यायची. पावसाळ्याची दमट, उबदार हवा पिसवांना मानवते. काही मांजरांना पिसवांच्या लाळेची ॲलर्जी असते, त्यांना थोडेसे चावेही पुरतात.

बाकी तपासणीत वजन ४.६ किलो भरलं, म्हणजे २०० ग्रॅम कमी. आपल्याला हे क्षुल्लक वाटतं, पण ८० किलोच्या माणसाचे सव्वातीन किलो उतरावेत तसं ते आहे. पोट मऊ, मोठ्या आतड्यात घट्ट शी. एक्स-रेत केसांचा गोळा सहसा ओळखू येत नाही, पण आतडं तुंबल्यावर दिसतो तसा वायू आणि फुगवटा आहे का ते कळतं. तसं काही नव्हतं. शंका राहिली असती तर पुढची पायरी सोनोग्राफी. अडथळा नाही हे पाहिल्यावरच उलटी थांबवायचं इंजेक्शन दिलं, आणि कातडीखाली सलाइन.

एवढं सगळं झाल्यावर घरचे उपाय पुन्हा सुरू झाले, या वेळी नीट.

पाणी

सुरुवात मोजण्यापासून केली. सकाळी वाडग्यात २०० मिली पाणी घातलं. तसंच दुसरं वाडगं बोक्याला पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या वाडग्यात ८० मिली उरलं होतं, फळीवरच्यात १९०. म्हणजे १० मिली हवेत उडालं आणि ११० तो प्यायला. ६० ग्रॅम दाण्यांतून मिळतं जेमतेम ६ मिली. मांजराला खाण्यापिण्यातून मिळून किलोमागे साधारण ४० ते ६० मिली पाणी लागतं. ४.६ किलोच्या बोक्याला म्हणून किमान १८० तरी हवं.

वाडगं वाढवून फार फरक पडला नसता. पाणी जेवणातून वाढवलं. निम्मे दाणे कमी करून त्या जागी ८५ ग्रॅमचं ओल्या खाण्याचं पाकीट आणलं, त्यात जवळजवळ ६५ मिली पाणी असतं. त्यात आणखी २ मोठे चमचे कोमट पाणी कालवलं. हा बदल एका दिवसात न करता ८ दिवसांत केला, नाहीतर पोट बिघडून कारण कळेनासं होतं. कधी चिकनचं किंवा माशाचं उकडलेलं पाणी. ते बाजूला काढायचं ते पातेल्यात कांदा-लसूण, मीठ, मसाला पडायच्या आधी. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात, मग तो शिजवलेला असो की पूड. दूध पाण्याच्या जागी चालत नाही. बहुतेक मोठ्या मांजरांना ते पचत नाही.

इसबगोल, भोपळा, पेस्ट

पहिले पाच दिवस इसबगोल बंद. शी सुरळीत झाल्यावर साधं, बिनसाखरेचं, बिनस्वादाचं इसबगोल पाव चहाचा चमचा, ३ मोठे चमचे पाण्यात १० मिनिटं भिजवून चांगली खळ झाल्यावर ओल्या खाण्यात कालवून, दिवसातून एकदा. आठवड्याने अर्धा चमचा, त्याच्या वर नाही. ज्या दिवशी मांजर ओकतंय, जेवत नाही किंवा शी अडली आहे, त्या दिवशी अजिबात नाही. तुंबलेल्या नळात चोथा घालण्यातला प्रकार तो.

लाल भोपळा साल-बिया काढून वाफवून कुस्करलेला, १ ते २ चहाचे चमचे. निरुपद्रवी, पण त्यात मुख्यतः पाणीच. तंतू इसबगोलाच्या मानाने फार थोडे. त्यामुळे पांढऱ्या भोपळ्याने काय होईल, दुधीने काय होईल या चर्चेत वेळ घालवण्यात अर्थ नाही. बोक्याने दोनदा हुंगून सोडला, तिथेच तो विषय संपला.

वंगणच हवं तर न पचणारं हवं. दुकानात मिळणाऱ्या माल्टच्या पेस्टमध्ये तसं तेल असतं. ती २-३ सेंटिमीटर, दोन जेवणांच्या मध्ये, आठवड्यातून दोन-तीनदा, पंजावर लावून. पेस्ट नसेल तर बिनवासाची पांढरी पेट्रोलियम जेली अर्धा चहाचा चमचा, तीही लागोपाठ दोन-तीन रात्रींपुरती. रोज महिनोन्‌महिने दिली तर जेवणातली स्निग्धात विरघळणारी जीवनसत्त्वं तिच्याबरोबर वाहून जातात. इथे पेस्ट तीन आठवडे दिली आणि थांबवली.

फणी आणि पिसवा

खरा फरक इथून पडला. रोज रात्री जेवणानंतर १० मिनिटं. पंखा बंद, नाहीतर निघालेले केस खोलीभर. मांडीवर जुना टॉवेल. आधी मोठ्या दात्यांची स्टीलची फणी, मग बारीक दात्यांची. पहिलं एक मिनिट बोक्याला आवडतं तिथे, गालांवर आणि मानेवर. मग पाठ, बरगड्या, मांड्यांची मागची बाजू, बगला. पोट आणि शेपटी शेवटी, आणि तेही तो शेपूट आपटायला लागला की थांबायचं. उरलेलं उद्या. फणी ओढताना दुसऱ्या हाताने केस मुळाशी धरायचे, म्हणजे कातडी ओढली जात नाही. सर्वांत शेवटी घट्ट पिळलेला ओला नॅपकिन अंगभर फिरवायचा. सुटे झालेले पण अंगावरच राहिलेले केस त्याला चिकटतात. ही पायरी गाळली तर फणीने सैल केलेले केस मांजर पाच मिनिटांत चाटून गिळतं, आणि घरच्यांना वाटतं की विंचरूनही उपयोग होत नाही.

उजव्या बगलेत एक जट होती, सुपारीएवढी. त्यावर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर टाकून बोटांनी टोकाकडून सोडवली, दोन दिवस लागले. कात्री लावायची नाही. जटेखालची कातडी कागदासारखी पातळ असते आणि जटेबरोबर वर उचलली जाते. न सुटणारी जट दवाखान्यात मशीनने काढून घ्यावी. पार्लरमध्ये सुचवतात तो लायन कट (डोकं-मान आणि शेपटीचा गोंडा सोडून अंगभर केस उतरवणं) या बोक्याला लागला नाही. पोट आणि मांड्यांची आतली बाजू तेवढी आखूड करून घेतली.

पिसवांवर मांजराचंच, वजनानुसार डॉक्टरांनी दिलेलं मानेवर लावायचं औषध, महिन्यातून एकदा, सलग तीन महिने. पहिल्या डोसने काम भागलंसं वाटतं, पण कोशातल्या पिसवा सोफ्याच्या सांध्यात कित्येक आठवडे दबा धरून राहतात. चादरी, उशीचे अभ्रे ६० अंशांच्या पाण्यात, सोफ्याखाली व्हॅक्यूम. कुत्र्यांसाठीच्या काही औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं. ते मांजराला झटके आणतं, जीवही घेतं, म्हणून 'थोडंसंच लावू' हेही नाही. कापूर, निलगिरी तेल हे घरगुती मार्गही बंद. आणि नातीने पार्किंगमधून वर आल्यावर हातपाय धुवून कपडे बदलायचे, हा नियम.

घरचे उपाय कुठे थांबवायचे

पुन्हा पुन्हा ओकाऱ्या आणि बाहेर काही नाही, २४ तास मांजराने काहीच न खाणं, पोट घट्ट किंवा हात लावू न देणं, उलटीत रक्त, दोन दिवसांहून जास्त शी नाही, तोंड उघडं ठेवून श्वास. यातलं एक जरी दिसलं तरी फणी-इसबगोल बाजूला ठेवायचं. मांजर, विशेषतः जाड मांजर, दोन-तीन दिवस उपाशी राहिलं तर यकृतात चरबी साठून तो वेगळाच जिवावरचा आजार होतो. बोका शी-शूच्या ट्रेमध्ये कुंथताना दिसला तर शी अडली असं धरून चालू नये. लघवी तुंबली असेल तर काही तासांचाच प्रश्न असतो. औषधाच्या दुकानातला फॉस्फेटचा एनिमा मांजराला विष आहे, मिठाचं पाणी पाजून उलटी करवणंही तसंच. रात्री उघडा असलेला दवाखाना कुठला, हे आधी विचारून ठेवावं. वाशीचा खाडीपूल ओलांडून मुंबईत दवाखाना शोधण्यात रात्र जाते.

सणात पुष्पगुच्छ येतात, त्यातली मोठ्या पाकळ्यांची लिली घरात ठेवायची नाही. तिचे परागकण अंगावर पडून चाटले गेले तरी मांजराचे मूत्रपिंड निकामी होतात. बाजारात हाराला म्हणून मिळणाऱ्या पांढऱ्या कळ्यांच्या लिलीच्या जुड्या ही वेगळी वनस्पती. तिने मूत्रपिंड जात नाहीत, पण उलट्या होतात.

पुढे काय झालं

पहिल्या आठवड्यात दोन गोळे, दुसऱ्यात एक, पुढचे दोन आठवडे काहीच नाही. पहिल्या रात्री फणीत मूठभर केस निघाले होते, महिन्याने चिमूटभर. वजन दर रविवारी: सून बोक्याला कडेवर घेऊन काट्यावर उभी राहायची, मग एकटी, आणि वजाबाकी. सहाव्या आठवड्यात ४.८. पोटावरची लव परत यायला अडीच महिने लागले. या बोक्याचं कारण कातडीवर सापडलं. ते तिथे नसतं तर पुढचा शोध आतड्याच्या सुजेचा. हाच बोका १० वर्षांचा असता तर थायरॉइड आणि मूत्रपिंडाची रक्ततपासणी पहिल्याच दिवशी करावी लागली असती.

आजींचं तूप बंद झालं, पण त्यांचा हात रिकामा राहिला नाही. गणपतीत बोका पूजेच्या दूर्वा पळवायचा, फवारणीची भीती म्हणून त्या उंचावर ठेवल्या जायच्या. नवरात्रात घट बसला तेव्हा त्यांनी शेजारी एका पसरट कुंडीत बोक्यासाठी वेगळे मूठभर गहू पेरले, खत-औषध न घातलेल्या मातीत. नवव्या दिवशी बोटभर पाती आली. गवताने गोळा हमखास पडतो असं नाही, पण मांजराला ते लागतं, आणि घरचं असलं की निर्धास्त. दिवाळीच्या आठवड्यात सोफ्यामागे एक गोळा सापडला, जेमतेम ३ सेंटिमीटरचा. उलगडून पाहिला तर केस सगळे लांब, अख्खे, आणि मध्ये गव्हाची दोन पाती.